रणोजीरावांचा दुसरा जबाब

रणोजीराव शिंद्यांच्या शब्दाला अग्रहार या जुन्या पेठेतल्या त्या गल्लीत वजन होतं. कडकोळच्या एका सूतगिरणीच्या गेटवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. आधी वॉचमन, मग शिफ्टचे हेड, आणि शेवटी सेक्युरिटी सुपरवायझर. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गल्लीतली माणसं त्यांना ‘सेक्युरिटी अप्पाजी’च म्हणत. कुणाचं कुरिअर आलं, कुणाकडे कोण पाहुणे उतरले, गॅसवाला किती वाजता येऊन गेला, हे विचारायचं तर त्यांनाच.

गल्ली आंधळी, म्हणजे एका बाजूनं बंद. सात घरं. शिंद्यांचं घर तोंडापासून दुसरं आणि श्रीविद्या टीचरचं अगदी शेवटचं. टीचर सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दुपारी जेवण झालं की रणोजीराव घरापुढच्या कट्ट्यावर खांबाला टेकून पेपर उघडत. कट्ट्याला ते जगली म्हणत. घरात मराठी असली तरी कन्नड मुलखात राहून असे शब्द कधीचे कन्नडातले होऊन गेले होते.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी टीचरच्या घरात चोरी झाली. टीचर आतल्या खोलीत झोपल्या होत्या, पुढचं दार नुसतंच ओढून घेतलेलं होतं. चारला उठून बघतात तो कपाट उघडं, आतल्या दोन बांगड्या आणि साखळी गेलेली. कुलूप तुटलेलं नव्हतं, सामान विस्कटलेलं नव्हतं.

पोलीस आले तेव्हा सगळ्यांनी रणोजीरावांकडे बोट दाखवलं. अप्पाजी तिथंच बसतात, त्यांना विचारा.

“दीड ते चार मी जगलीवरनं हललो नाही,” रणोजीराव म्हणाले. “अडीचला टीचरची कामवाली रम्या काम आटपून बाहेर गेली. जाताना ‘येते’ म्हणाली. त्यानंतर गल्लीत कोणी आत गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही.”

“पेपर वाचत होता ना सर?” सब-इन्स्पेक्टरनं विचारलं. पोरसवदा होता, पण अदबीनं बोलत होता.

“पेपर वाचता वाचता गेटमधनं मांजर गेलं तरी मला कळायचं. अठ्ठावीस वर्षं तेच केलंय.”

सब-इन्स्पेक्टरनं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर बोलावून वाचून दाखवलं. रणोजीरावांनी नीट ऐकलं आणि सही केली.

मग हिशेब सरळच होता. बाहेरून कोणी आलं नाही, कुलूप तुटलं नाही, म्हणजे आतलं माणूस. आतलं माणूस एकच, रम्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी आईला घेऊन गुंडुराव नगरच्या बाजूला एका खोलीत राहायची आणि या गल्लीत तीन घरची धुणीभांडी करायची. मंगळवारी तिला स्टेशनवर बोलावलं. बुधवारी परत. गुरुवारी तिची खोली बघितली, आईची ट्रंक रस्त्यावर आणून उघडली. काही सापडलं नाही. पण उरलेल्या दोन घरांनी तिला तेव्हाच सांगून टाकलं, आता नको येऊस.

भागीरथीबाईंना, रणोजीरावांच्या बायकोला, हे पटत नव्हतं.

“री, ती पोरगी असं करंल?” शुक्रवारी कुकर लावता लावता त्या म्हणाल्या. नवऱ्याला ‘अहो’ऐवजी त्या कन्नडातलं ‘री’च म्हणत. “चार वर्षं झाली बघते मी तिला. टीचरचा विसरलेला मोबाइल धावत आणून देणारी.”

“मग कोणी केलं? हवेतनं आला काय कोण?”

“ते मी कसं सांगू? पण जीव मानत नाही बघा.”

“मी तिथं बसलो होतो, भागू. मी.”

भागीरथीबाईंनी कुकरला शिट्टी बसवली आणि गॅस पेटवला. पण त्या दिवसापासून दिवसाढवळ्या दाराला दोन कड्या लागायला लागल्या. रणोजीराव दूध आणायला गेले तरी त्या खिडकीच्या फटीतून बघत उभ्या राहायच्या. बेल वाजली की छातीवर हात जायचा. हेब्बाळच्या एका कंपनीत काम करणारी त्यांची मुलगी सहाना कंपनीच्या बसमधून तीन-तीनदा फोन करायची. अम्मा, दार लावलंस ना? अप्पा घरात आहेत ना?

रणोजीरावांचं स्वतःचं काही ठीक नव्हतं. ते कुणाला सांगत नव्हते, पण त्यांचं पेपरमधलं लक्ष उडालं होतं. एक ओळ वाचली की मान वर करून बघायचे. गल्ली रिकामी. पुन्हा ओळ. पुन्हा मान वर. अठ्ठावीस वर्षांत असं कधी करावं लागलं नव्हतं. मांजर गेलं की कळायचं, ते आपोआप कळायचं. आता शेजारचा माणूस अगदी पुढ्यात येऊन “नमस्कार” म्हणेपर्यंत तो आला कधी हेच समजत नव्हतं. वय झालं, दुसरं काय, असं स्वतःला सांगून ते विषय टाळत होते.

“कॅमेरा लावू या अप्पा,” सहाना म्हणाली. “माझ्या टीममध्ये सगळ्यांच्या घरी आहे. मोबाइलवर दिसतं. अम्माला पण धैर्य येईल.”

“मोठं सिस्टिम नको. सात हजारांच्या वर मी जाणार नाही.”

“बेसिकच घेऊ. शनिवारी मला सुट्टी आहे.”

रणोजीरावांनी एका कागदावर प्रश्न लिहून काढले. गिरणीत कॅमेरे बसले तेव्हा कंत्राटदारानं केलेल्या चुका त्यांना पाठ होत्या. कॅमेरा इतका उंच लावला होता की नुसत्या टोप्या आणि टक्कल दिसायचं. गेटचा कॅमेरा उगवतीकडे तोंड करून होता, सकाळच्या शिफ्टचे सगळे चेहरे काळे यायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. या कामातलं आपल्याला कळतं.

दुकान देवराज अर्स रोडच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर होतं. मालक श्रीहरी चाळिशीचा, बोलका माणूस. त्यानं बापलेकीला बसवलं आणि सरळ मुद्द्यावर आला.

“चार कॅमेऱ्यांचा वायरवाला सेट घेतला तर बसवण्यासकट चौदा-पंधरा हजार. रेकॉर्डर वेगळा, हार्ड डिस्क वेगळी, महिनाभराचं राहतं. तुमच्या घराला तेवढ्याची गरज नाही, मी खोटं सांगणार नाही. दोन वायफाय कॅमेरे घ्या. एक दाराला, एक गल्लीकडे. आत कार्ड घालायचं, मोबाइलवर बघायचं. सहा-साडेसहात बसतं.”

रणोजीरावांनी कागद काढला. “करंट गेला की?”

“कॅमेरा बंद. वायफायच्या डब्याला आणि कॅमेऱ्याला मिळून छोटा बॅकअप मिळतो, दोन तास जातो.”

“चोरानं कॅमेराच उपटून नेला तर?”

“कार्ड त्यात असतं, मग तेही गेलं. कंपनीकडे इंटरनेटवर साठवता येतं, पण महिन्याला पैसे. म्हणून उंचावर—”

“उंचावर लावलं तर चेहरा दिसत नाही,” रणोजीराव म्हणाले. श्रीहरी हसला. सर, तुम्ही या लाइनचेच दिसता, म्हणाला. सहानाला वडिलांचा अभिमान वाटला. पासवर्ड कोण ठेवणार, चित्र कुणाकुणाच्या हातात जाणार, बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, सगळं त्यांनी एकेक करून विचारलं.

मग श्रीहरीनं दोन कॅमेऱ्यांचं चित्र एका मोठ्या स्क्रीनवर लावलं. दोन्ही कॅमेरे दुकानाच्या खिडकीत होते आणि खालचा रस्ता दाखवत होते. डावीकडे स्वस्त कॅमेरा, उजवीकडे त्याच्यापेक्षा पाचशे रुपयांनी महाग.

“फरक बघा सर. तो माणूस बघा. यात नुसता आकार कळतो, त्यात चेहरा ओळखू येतो.”

“कोणता माणूस?”

“तो की, उभा आहे तो.”

रणोजीरावांनी स्क्रीनच्या मधोमध बघितलं. रस्ता, नारळाची गाडी, उभी केलेली स्कूटर. “कुठं आहे?”

“अप्पा, right side ला,” सहाना म्हणाली. “हेल्मेट हातात धरलेला. कडेला.”

त्यांनी मान उजवीकडे वळवली, आणि माणूस एकदम समोर आला. आत्ता नव्हता आणि आत्ता होता. पूर्ण उंचीचा, लाल शर्टचा, हेल्मेट काखेत. एवढा मोठा माणूस.

त्यांनी मान पुन्हा मधोमध आणली. माणूस गेला. तिथं काळोख नव्हता, भोक नव्हतं. काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं. नुसता तो माणूस नव्हता.

त्यांना बाथरूमच्या चौकटीवर दोनदा आपटलेला उजवा खांदा आठवला. स्कूटरचा चेपलेला आरसा आठवला. भाजीबाजारात “डोळे फुटले काय” म्हणून ओरडलेली बाई आठवली. आणि गल्लीचं तोंड. जगलीवर बसलं की गल्लीचं तोंड उजव्या हाताला येतं.

“सर, कळला ना फरक?”

“कळला.”

श्रीहरी पुढं बोलत होता. “चौसष्ट जीबीचं कार्ड घातलं की सात-आठ दिवसांचं राहतं. भरलं की जुनं आपोआप पुसतं आणि त्यावर नवं लिहितं. रस्त्याकडे तोंड असलं तर वर्दळीनं लवकर भरतं. तुमच्या अग्रहारात कोपऱ्यावरच्या मेडिकलला मीच बसवलाय, त्याला मी आधीच सांगितलं होतं, सहा दिवसांच्या वर धरू नका. अजून कोणी विचारायला आलेलं नाही म्हणा.”

“कोपऱ्यावरचं मेडिकल,” रणोजीराव म्हणाले. “आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ते.”

“तेच.”

सोमवार. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आज शनिवार. पोलिसांनी ते कॅमेऱ्याचं बघितलं नव्हतं. बघायचं कारणच नव्हतं. गेटवरच्या माणसानं सही करून सांगितलं होतं की कोणी आलं नाही.

ते उठले. “नंतर येतो,” एवढंच म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. पहिली पायरी चुकली, कठडा हाताला लागला म्हणून वाचले. सहाना मागून धावली.

“अप्पा! काय झालं? बीपी?”

खाली कॉफीच्या गाडीशेजारी एका बंद दुकानाची पायरी होती. ते तिथं बसले. “माझ्या उजवीकडे उभी राहा,” म्हणाले. “मी समोर बघतो. तू हात वर कर आणि हळूहळू पुढं आण.”

सहानाला वाटलं ते काही चेष्टा करताहेत. मग तिनं त्यांचा चेहरा बघितला आणि हात वर केला. पुढं आणला. अजून पुढं. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, “आता.”

तिनं दुसऱ्या बाजूनं केलं. डावीकडे बरं होतं, पण तिथंही कडेचं नव्हतंच.

“कधीपासून अप्पा?”

“ठाऊक नाही. कळतच नाही गं. दिसत नाही हेच दिसत नाही.” ते तिच्याकडे वळले. “सहाना, मी त्या पोलिसाला चुकीचं सांगितलो. खोटं नाही, पण चुकीचं. मला कोणी दिसलं नाही, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलो, कोणी गेलं नाही. आणि त्या पोरीची ट्रंक रस्त्यावर उघडली त्यांनी.”

सहानाला मराठीत पटकन शब्द सुचले नाहीत. तिनं त्यांचा खांदा धरला आणि कन्नडात म्हणाली, “एळि अप्पा.” उठा.

ऑटोनं मेडिकलपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागली. ती पंधरा मिनिटं रणोजीराव मनात कार्ड भरताना बघत होते. या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस, प्रत्येक स्कूटर सोमवारचं थोडं थोडं पुसत चालली होती. मेडिकलमध्ये मालक नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, पासवर्ड त्यांनाच ठाऊक, नंजनगूडला लग्नाला गेलेत, चार वाजता येतील.

“फोन लावा.”

लागत नव्हता. सहाना म्हणाली, “आपण इथंच थांबू अप्पा. आधी व्हिडिओ बघू, मग पोलिसांना सांगू. काहीच नसलं तर?”

ती काय म्हणते ते रणोजीरावांना कळलं. काही नसलं तर डोळ्यांचं कुणाला कळायची गरज नाही. त्यांनी क्षणभर विचारही केला. गल्ली, ती हाक, सेक्युरिटी अप्पाजी. सोमवारची दुपार पुसली गेली असेल तर त्यांचा जबाब कायमचा तसाच राहील, आणि त्यांच्याखेरीज कुणालाच काही कळणार नाही.

“नाही,” ते म्हणाले. “काही नसलं तर मला जास्तच सांगायला पाहिजे.”

स्टेशनवर तोच सब-इन्स्पेक्टर होता. त्यानं खुर्ची दिली, कॉफी विचारली. रणोजीरावांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती. ऐकता ऐकता सब-इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावरची अदब गेली.

“सर, तुम्ही सही केली आहे. वाचून दाखवलं होतं मी.”

“होय.”

“तुमच्या एका वाक्यावर मी चार दिवस त्या मुलीच्या मागं लागलोय. आता तुम्ही म्हणता दिसत नाही. उद्या कोर्टात काय सांगू मी?”

“जे खरं आहे ते लिहून घ्या. मला कडेचं दिसत नाही. मी म्हणालो, कोणी गेलं नाही. मला म्हणायला पाहिजे होतं, मी बघितलो नाही.”

“घरच्यांनी सांगितलं का असं बोलायला? त्या मुलीकडून कोणी आलं होतं?”

सहाना ताडकन उठली. रणोजीरावांनी तिला हातानं बसवलं. “साहेब, माझ्या उजव्या बाजूला कोणाला तरी उभं करा आणि बघा.”

सब-इन्स्पेक्टरनं एका हवालदाराला खूण केली. हवालदार कडेनं आला, अगदी खुर्चीजवळ, आणि रणोजीराव समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. हवालदारानं हात हलवला. काहीच नाही. मग सब-इन्स्पेक्टरनं कोरा कागद ओढला आणि दुसरा जबाब लिहायला घेतला.

मेडिकलचा मालक सव्वाचारला आला. हवालदार, रणोजीराव आणि सहाना काउंटरच्या आत दाटीनं उभे राहिले. मालकानं तारखांची यादी उघडली. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. त्याचं बोट खाली सरकत होतं. मंगळवार. सोमवार. सोमवारच्या पुढं लिहिलं होतं, दुपारी दोन चाळीसपासून. त्याआधीचं गेलं होतं.

“लावा,” हवालदार म्हणाला.

तीन वाजून सहा मिनिटांनी एक मोटरसायकल मेडिकलसमोर थांबली. मागचा माणूस उतरला. पाठीवर गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तशी पिशवी. तो गल्लीत वळला, भिंतीला धरून, सावकाश. चित्रात गल्लीची पहिली दोन घरं दिसत होती. जगलीवर बनियन घातलेला एक म्हातारा पेपर धरून बसला होता. माणूस त्याच्यापासून पाच-सहा फुटांवरून गेला. जाताना एकदा थबकून त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं पान उलटलं.

तीन एकवीसला तो माणूस त्याच रस्त्यानं बाहेर आला आणि मोटरसायकलवर बसून गेला.

सहानानं तोंडावर हात धरला. रणोजीरावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं आणि मान वळवून, स्क्रीन बरोबर मधोमध आणून, शेवटपर्यंत बघितलं. कॅमेरा फार उंच होता. माणसाची टोपी दिसत होती, चेहरा नाही. गाडीचा नंबर अर्धा. पण रम्या नव्हती, एवढं कुणालाही कळत होतं. हवालदारानं ते मोबाइलवर घेतलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलला. “बरं झालं आजच आलात, अप्पाजी. उद्या हे नसतं.”

तिथून ते टीचरच्या घरी गेले. श्रीविद्या टीचरनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या रागावलेल्याही होत्या. “मी पहिल्या दिवशी म्हणाले होते, रम्या नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून मी गप्प बसले. तुमच्यापेक्षा मला जास्त काय कळणार, असं वाटलं.” रणोजीराव हात जोडून उभे राहिले आणि मग घरी आले.

भागीरथीबाईंना सगळं सांगायला सगळ्यांत जड गेलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “तरीच सहा महिने झाले, ताटाच्या उजव्या बाजूची चटणी तशीच राहते तुमची. मला वाटायचं, आवडत नाही.” मग थोड्या वेळानं, “उद्या रम्याकडे जायचं. मी येते.”

रविवारी सकाळी दोघं गेले. एका लांब चाळीवजा इमारतीत तळमजल्यावर खोली होती. दारात रम्याची आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं आणि ‘या’ म्हणाली नाही. रम्या आतून आली. आदल्या संध्याकाळी पोलिसांचा फोन आला होता, तिला कळलं होतं.

रणोजीराव उंबऱ्याबाहेरच उभं राहून रम्याला कन्नडात म्हणाले, “माझी चूक झाली, अम्मा. मी न बघितलेलं बघितल्यासारखं सांगितलं. तुझ्यावर आलं ते माझ्यामुळे आलं.”

रम्या म्हणाली, “अप्पाजी, वर्षभर मी सकाळी गल्लीत शिरताना तुम्ही दारात असलात की तुमच्याकडे बघून हसायचे. तुम्ही बघायचा नाहीत. मला वाटलं, कामवालीला काय ओळख द्यायची म्हणून. आईला पण सांगितलं होतं मी, शिंदे अप्पाजी आता मोठे झाले. त्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं ‘येते’ म्हणाले, तेव्हा तुम्ही मान वर केलीत.”

भागीरथीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“टीचरकडे परत येशील?” त्यांनी विचारलं.

“नाही. त्यांच्यावर राग नाही माझा, पण त्या घरात आता मला कपाटाजवळ जाता येणार नाही.” ती रणोजीरावांकडे वळली. “तुम्हाला काही करायचंच असलं तर त्या दोन घरी जाऊन सांगा. मी सांगितलेलं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

शेवटचं वाक्य ती साधेपणानं बोलली होती, टोमणा नव्हता, पण ते रणोजीरावांना लागलं. त्याच दुपारी ते दोन्ही घरी गेले आणि दारात उभं राहून, डोळ्यांचं सगळं सांगून, आपली चूक सांगितली. एका घरानं रम्याला परत बोलावलं आणि त्या चार दिवसांचा पगार कापला नाही. दुसऱ्या घरी नवी बाई लागली होती. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, अय्यो, आता काय करायचं अप्पाजी, आणि दार लावून घेतलं. त्या दुसऱ्या कामाच्या जागी रम्याला पुढं एका मुलींच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिला ते भागीरथीबाईंनी ओळखीनं मिळवून दिलं, असं गल्लीत म्हणतात. त्या स्वतः तसं कधी म्हणाल्या नाहीत.

सोमवारी सहानानं अर्धी रजा टाकली आणि वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डब्यात डोकं घालून, दिवा चमकला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. रणोजीराव बटण धरून बसले होते आणि बराच वेळ दिवा चमकतच नव्हता. मशीन बंद पडलंय की काय, असं त्यांना वाटलं. बाहेर आल्यावर सहानाचा चेहरा बघून कळलं की दिवे चमकत होते.

काचबिंदू. डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर रोज दोन वेळा थेंब, एकही दिवस चुकवायचा नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. स्कूटर आजपासून बंद.

“टिकेल ना?” सहानानं विचारलं.

“थेंब नीट घातले तर बरीच टिकेल. दोन वर्षं आधी आला असता तर अजून जास्त राहिली असती.”

रणोजीरावांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली सहानाच्या हातात दिली.

पुढच्या शनिवारी श्रीहरी स्वतः कॅमेरे घेऊन आला. दोनच घेतले, त्या महागातले. पण दुसरा गल्लीकडे लावायचा नाही असं रणोजीरावांनी ठरवलं होतं. तो टीचरच्या दारावर लावायचा, टीचरना विचारून, आणि त्याचे अर्धे पैसे टीचर देणार. श्रीहरी शिडीवर चढला आणि शिंद्यांच्या दाराच्या चौकटीवर भोक पाडायला लागला.

“खाली,” रणोजीराव म्हणाले. “अजून खाली घ्या.”

“सर, हाताला येईल कुणाच्या.”

“येऊ दे. चेहरा दिसला पाहिजे. त्या मेडिकलचा पण जरा खाली घ्या, त्यांना मी सांगितलंय.”

श्रीहरीनं कॅमेरा चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा जरा खाली घेतला. मोबाइलवर चित्र आलं. भागीरथीबाई दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, “दिसते काय मी?”

“दिसतेस,” आतून रणोजीराव म्हणाले. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी अगदी समोर धरला होता. “कपाळावरचं कुंकू पण दिसतंय.”

ती मोटरसायकल अजून सापडलेली नाही. टीचरच्या बांगड्याही नाहीत. सब-इन्स्पेक्टर मधे एकदा येऊन गेला, तपास चालू आहे म्हणाला. भागीरथीबाई अजून दोन्ही कड्या लावतात, पण बेल वाजली की आता आधी मोबाइल बघतात आणि मग एक कडी काढतात.